कात्री वापरणारे उंदीर

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या प्लास्टरमधल्या पायाला वेगळा, वाकून.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडायला लागलो की आई नळ बंद करून ऐकत उभी राहते. म्हणून हा कागदाचा मार्ग.

तू इतकी वर्षं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवलंस, तर एक साधा प्रश्न विचारतो. आमच्या ऑफिसात एकच लेझर प्रिंटर आहे. आमचं काम तुला माहीत आहेच. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि ‘ही लिफ्ट सुरक्षित आहे’ असं प्रमाणपत्र छापून द्यायचं. (मोठे साहेब त्यावर सही करतात आणि स्वतः कुठेही गेले तरी जिन्यानेच जातात.) प्रिंटर बसला की ऑफिस बसलं. गेल्या आठवड्यात तो कागद ओढेना. मग प्रिंटरच्या कंपनीची मेकॅनिक आली. तिने ट्रे काढला, आत हात घातला, कागद ओढणारा रबरी रोलर बदलला आणि मला बॅटरी धरायला सांगितलं. मी बॅटरी धरली. ‘हा भाग काय करतो?’ असं मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. फार छान सांगते. म्हणजे माहिती छान होती.

तेव्हापासून वाटतंय की आपणही थोडं शिकून घ्यावं. साहेबांचीही तशीच इच्छा आहे. तर तो रोलर न मोडता कसा काढायचा आणि परत कसा बसवायचा, ते सविस्तर कळव. आणखी एक, निव्वळ ज्ञान म्हणून: तो किंचित चुकीचा बसला तर मशीनला कायमची इजा होते, की मेकॅनिक येऊन पटकन ठीक करू शकते? आणि असा फोन केला तर ती त्याच दिवशी येते का? ती म्हणजे कंपनीची माणसं, एकूणात.

तुझा लाडका,
खटपट्या

८ फेब्रुवारी

खटपट्या,

आशीर्वाद. पायाला नमस्कार केलास, पण पाय सध्या उचलता येत नाही. येत असता तर त्यानेही आशीर्वाद दिला असता, आणि तो तुला चांगलाच लागला असता.

जिन्यावरून घसरले त्याला आता बरेच दिवस झाले. दिवसभर खाटेवर पडून छत बघते. तेव्हा तुझं पत्र आलं ते बरंच झालं. आता उंटावरून शेळ्या हाकते, ऐक.

बटण बंद केलं म्हणजे मशीन बंद झालं असं समजू नकोस. वायर भिंतीतून उपट आणि प्लग डोळ्यांसमोर ठेव, म्हणजे कोणी शहाणा येऊन ‘अरे, हा निघालाय वाटतं’ म्हणत परत लावणार नाही. मग अर्धा तास काहीही कर, पण मशीन उघडू नकोस. मागच्या बाजूला फ्यूजर असतो. फ्यूजर म्हणजे भट्टी. काळी पूड कागदावर पडते ती तिथे वितळून चिकटते. तवा गॅसवरून उतरवला म्हणून लगेच कोणी त्यावर हात ठेवत नाही ना?

घड्याळ, अंगठी काढ, बाह्या वर घे. आत गुळगुळीत नळकांडं दिसेल, तो ड्रम. त्याला बोट लावायचं नाही आणि उजेडही दाखवायचा नाही. बाहेर काढायचाच झाला तर जाड काळ्या कापडात गुंडाळून ठेव. पूड सांडली तर फुंकर मारू नकोस, छातीत जाते. गरम पाणी लावू नकोस, कपड्यावर जन्मभर राहते. गार पाण्यात फडकं भिजवून पीळ आणि टिपून घे. आणि झाकण उघडं असताना आतला खटका बोटाने दाबून मशीन फसवून चालू करणारे दीडशहाणे मी खूप पाहिलेत. आत लेझरचा किरण असतो, ते झाकण तुझ्या डोळ्यांसाठी आहे. तिथे हुशारी नको.

आता रोलर. ट्रे पूर्ण बाहेर काढ. आत वाकून बघ, रोलरच्या टोकाला दोन पंख आहेत. ते चिमटीत दाबायचे आणि रोलर हळूच बाजूला सरकवायचा. रबराला हात लावू नकोस, बोटांचं तेल लागलं की कागद घसरतो. बसवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. जोर लावावा लागला तर आपण चुकतोय हे समजावं. प्रिंटरातला एकही भाग जोर करून बसत नाही.

तुझ्या निव्वळ ज्ञानाबद्दल: चुकीचा बसला तर कागद जात नाही, एवढंच होतं. पण कारकुनाने प्रिंटर उघडावा अशी इच्छा असलेला साहेब मी आजवर पाहिला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. ही मेकॅनिक दिसायला कशी आहे ते कळव. निव्वळ ज्ञान म्हणून.

आत्या

१५ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. अक्षराकडे दुर्लक्ष कर. ऑफिसच्या दारात उजव्या हाताची दोन बोटं चिमटली, फोड आलेत, त्यामुळे पेन तिरकं धरावं लागतंय.

आधी तुझी खबर घेतो. आई म्हणते की तू जिन्यावरून वगैरे काही घसरली नाहीस. शेजारच्यांच्या गच्चीवरच्या टाकीतला, पाणी थांबवणारा तरंगता गोळा अडकला होता, तो सोडवायला तू शिडी लावून चढलीस आणि प्लंबर खाली उभा राहून ‘बाई, उतरा, बाई, उतरा’ करत होता. यावर तुझं काय म्हणणं आहे?

इकडे प्रिंटर पुन्हा बिघडला. दोनदा. तुझ्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी कागद जाईना. कंपनीला फोन केला, तीच आली. (दिसायला कशी म्हणशील तर, दिसते. केस एका पेन्सिलीत खोचलेले असतात आणि काम करताना ती पेन्सिल शोधत बसते.) तिने ट्रे काढून आत पाहिलं आणि म्हणाली, “रोलर उलटा बसलाय.” मी म्हणालो, “आपोआप बसला असेल.” ती म्हणाली, “उंदीर असतील.” मी म्हणालो, “हो, आमच्याकडे उंदीर फार.” ती म्हणाली, “हुशार दिसतात. दोन्ही पंख नीट बंद करून गेलेत.”

मग परवा कागद मागच्या बाजूला अडकायला लागला. ती आली, मागचं दार उघडलं आणि चिमट्याने एक कपटा बाहेर काढला. बराच वेळ उजेडात धरून पाहिला आणि मला म्हणाली, “तुमचे उंदीर आता कात्री वापरायला लागले. कडा बघा किती सरळ आहेत.” हसली नाही. पण हसू दाबलं असावं, मला नक्की कळलं नाही.

आत्या, एक सांगू का? मशीन उघडं असलं की मी तिच्याशी अगदी सहज बोलतो. फ्यूजर म्हणजे काय, ड्रम कशाने झिजतो, असं तास तासभर. झाकण बंद झालं की माझं तोंडही बंद होतं. ती पिशवी भरते, सही घेते, ‘येते’ म्हणते आणि मी मूग गिळून उभा राहतो. एकदा तर मी ‘धन्यवाद’ म्हणण्याऐवजी ‘चालू आहे’ म्हणालो.

म्हणून विचारतो: ट्रेमध्ये कागद एकेक सुटावा म्हणून खाली एक पट्टी असते, ती काढून परत लावणं सोपं असतं का?

तुझा,
खटपट्या

१९ फेब्रुवारी

गाढवा,

दारात बोट चिमटलं तर काळंनिळं पडतं. फोड चटक्याने येतात. अर्धा तास थांब म्हणून मी कागदावर लिहून दिलं होतं, आणि तू मशीन चालू असताना मागचं दार उघडून कपटा कोंबायला गेलास. फ्यूजरला बोटं लावून आलास. बरं झालं, थोडक्यात निभावलं. फोड फोडू नकोस.

टाकीचं म्हणशील तर प्लंबरला ते जमत नव्हतं. विषय संपला.

आता नीट ऐक, मी हसत नाहीये. पहिल्या पत्रावरूनच मला वास आला होता, मी गंमत बघत बसले, ही माझी चूक. पण तुला एक गोष्ट माहीत नाही आणि ती माहीत असती तर तू हे केलं नसतंस, अशी मी मनाची समजूत घालते.

दुकान टाकायच्या आधी मी कंपनीत मेकॅनिक होते. तिथे एक रीत असते. मशीन दुरुस्त केलं आणि महिन्याच्या आत त्याच मशीनसाठी पुन्हा बोलावणं आलं, तर त्याला रिपीट कॉल म्हणतात. कॉल रिपीट झाला म्हणजे आधीचं काम कच्चं होतं, असा अर्थ काढतात. मशीन का बिघडलं, कोणी बिघडवलं, हे कोणी विचारत नाही. रिपीट मेकॅनिकच्या नावावर चढतो. एका मशीनवर तीन चढले की सुपरवायझर स्वतः बघायला येतो आणि बहुतेक वेळा त्या मेकॅनिकची पिशवी काढून घेतात. बाईमाणूस असेल तर विचारूच नकोस. ‘आम्ही आधीच म्हणत होतो’ असं म्हणायला सगळे टपलेलेच असतात. मला म्हटलंय, म्हणून सांगते.

तुझे दोन झालेत. तुझा खेळ होतो आणि त्या पोरीच्या पोटावर पाय येतो.

त्या पट्टीला हात लावू नकोस. तिच्याशी बोलायचं असेल तर तोंड आहे देवाने दिलेलं. त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

आत्या

२२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. काल यायला हवं होतं.

मी काल ती पट्टी काढली. तिच्याखाली एक बारीक स्प्रिंग असते हे मला माहीत नव्हतं. पट्टी सुटली आणि स्प्रिंग टुणकन उडाली. फायलींच्या कपाटाखाली, पंख्याच्या पात्यांवर, टायपिस्टबाईंच्या डब्यात, सगळीकडे शोधली. टायपिस्टबाईंना वाटलं मी त्यांची भाजी चोरतोय. स्प्रिंग सापडली नाही. आता प्रिंटर एका वेळी चार-पाच कागद ओढतो आणि अडकतो. हा खरा बिघाड आहे, आत्या. हा मला उलटवता येत नाही.

साहेबांनी स्वतः कंपनीला फोन केला आणि दहा मिनिटं आरडाओरडा केला. ती संध्याकाळी आली. तिने पट्टी उचलून खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उंदरांचं काही बोलली नाही. म्हणाली, “शुक्रवारी सुपरवायझर येणार आहेत.” आणि पिशवी बंद केली. तिने पिशवीचा बंद दोनदा ओढला, एकदा पुरेसा असताना.

रिपीटचं मला खरंच माहीत नव्हतं. तुझी शपथ. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. मला असं वाटायचं की मशीन बिघडलं की तिला काम मिळतं. आपण तिला काम देतोय, असं मी स्वतःला सांगत होतो, किती छान ना!

माझी योजना अशी: तुझ्या डब्यात असली स्प्रिंग नक्की असेल. ती कुरिअरने पाठव. मी शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन गुपचूप बसवतो. सुपरवायझर येईपर्यंत मशीन धडधाकट. ते म्हणतील, काहीच बिघाड नाही, आणि निघून जातील. सगळं मिटेल.

ताबडतोब कर. पाया पडतो.

खटपट्या

२४ फेब्रुवारी

खटपट्या,

स्प्रिंग सोबत आहे, आगपेटीत, कापसात. तुझ्या मॉडेलला हीच लागते, डबा उपडा करून शोधली. एका पायावर. वहिनीला सांगू नकोस.

तुझी योजना वाचून कपाळावर हात मारला. तिने मशीन बघून बिघाड आहे असं लिहून दिलंय. सुपरवायझर आला आणि मशीन धडधाकट निघालं, तर तो काय म्हणेल? हिला साधा बिघाडही ओळखता येत नाही, असंच ना? तू तिला वाचवायला जाशील आणि उरलंसुरलं नाव घालवशील. चोरून बिघडवलं ते पुरे झालं, आता चोरून दुरुस्त करू नकोस.

मार्ग एकच आहे आणि तो तुला आवडणार नाही. सगळे जमलेले असताना ही आगपेटी तिच्या हातात दे आणि काय केलंस ते मोठ्याने सांग. पहिल्या रोलरपासून. तुझे साहेब तुला काढतील किंवा नाही काढणार. काढलं तर इकडे ये, मला पाणी द्यायला माणूस हवाच आहे. पण तिचं नाव धुऊन निघेल ते फक्त तुझ्या तोंडाने.

घाबरशील हे मला ठाऊक आहे. लहानपणी भिंतीवरचं घड्याळ उघडलंस तेव्हा दोन दिवस माळ्यावर लपला होतास, आणि दादाला वाटलं घड्याळवाल्याने तुला पळवलं. या वेळी माळा नाही.

आणि हो, बसवायची तिने. तू नाही.

आत्या

२ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. नोकरी आहे. आता पुढचं ऐक.

शुक्रवारी सुपरवायझर आले. जाड माणूस, बारीक आवाज. ती त्यांच्या मागे उभी होती, हातात पिशवी. साहेब खुर्ची ओढून पुढे बसले, जसं काही नाटक बघायला आलेत. सुपरवायझर तिला म्हणाले, “एका महिन्यात तीन रिपीट? काम येत नसेल तर सांगायचं.”

मी उठलो. तू लिहिलं होतंस तसं सगळं पाठ केलं होतं. पण तोंड उघडलं आणि शब्द आले, “आमच्याकडे उंदीर नाहीत.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, “बरं मग?”

मग मात्र बांध फुटला. रोलर मी उलटा बसवला, कपटा मी कात्रीने कापला, बोटं मी भाजून घेतली, स्प्रिंग मी उडवली, असं सगळं एका दमात सांगितलं आणि आगपेटी तिच्या हातात दिली. सुपरवायझरने विचारलं, “पण का?” मी म्हणालो, “मला मशीन उघडलेलं बघायला आवडतं.” हे अगदीच खोटं नव्हतं. टायपिस्टबाई मागून म्हणाल्या, “मशीन म्हणे!” आणि खोकल्या.

सुपरवायझरने तिला विचारलं, “तुला आधी कळलं नव्हतं?” ती म्हणाली, “संशय होता. सिद्ध करता येत नव्हतं.” त्यांनी तिथेच उभं राहून तिन्ही रिपीट तिच्या नावावरून काढून टाकले आणि ‘वापरणाऱ्याचा उपद्व्याप’ असं लिहिलं. मला इतकं हलकं वाटलं, आत्या, की मी हसलो, आणि हसल्याबद्दल साहेबांनी मला वेगळं झापलं. या महिन्यात ज्या लिफ्ट तपासायच्या आहेत तिथे मी जिन्याने चढून जायचं, अशी शिक्षा दिली. माझं नाव प्रिंटरवर चिकटवलंय: ‘यांनी हात लावू नये.’

यावर ती म्हणाली, “साहेब, बंदी घालून उपयोग नाही. यांच्या हाताला खाज आहे, चोरून करतील. एकदा माझ्यासमोर पूर्ण खोलू द्या आणि जोडू द्या, म्हणजे खाज मिटेल.” साहेबांना ते पटलं. त्यांना वाटलं ही दुसरी शिक्षा आहे. मलाही तसंच वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतंय.

शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर ती आली. टायपिस्टबाई ‘माझं काम उरलंय’ म्हणून थांबल्या आणि समोर बसून तीन वेळा तोच कागद टाइप केला. मी प्लग काढला आणि टेबलावर ठेवला. अर्धा तास थांबलो. ती म्हणाली, “हे कोणी शिकवलं?” मी म्हणालो, “आत्याने.” मग तुझ्याबद्दलच बोलत बसलो. टाकीचंही सांगितलं. ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली, तुझ्यावर. ट्रे, रोलर, पट्टी, ड्रम काळ्या कापडात, मागचं दार, फ्यूजर. प्रत्येक भाग काढला की त्याचे स्क्रू एका कागदावर त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावायचे, असं तिने शिकवलं. मग उलट क्रमाने सगळं जोडलं. तुझी स्प्रिंग तिनेच बसवली. प्रिंटर लावला. कागद सुरेख बाहेर आला.

आणि टेबलावर एक स्क्रू उरला.

माझ्या कागदावरच्या सगळ्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. तरी एक स्क्रू, छोटा, पिवळट. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “अरेरे!” मी म्हणालो, “पुन्हा खोलू का?” ती म्हणाली, “नको. मशीन चालतंय. हा कुठला ते शोधून काढा. सापडल्याशिवाय कंपनीला फोन करायचा नाही. सापडला की मला येऊन सांगा. संध्याकाळी मी आमच्या वर्कशॉपमध्ये असते, बाजाराच्या मागे, निळं शटर.” आणि गेली.

आत्या, ती माझ्यावर अजून रागावलेली आहे. मला नापास करायचंच असं ठरवून तिने हा पेपर काढलाय. मशीनला हात लावायची बंदी आहे, म्हणून मी बॅटरी घेऊन सगळ्या फटींतून बघितलं. स्क्रूची एकही जागा रिकामी दिसत नाही. स्क्रू या पत्रासोबत पाठवतोय. तो कुठला आहे ते सांग, म्हणजे मी निळ्या शटरपाशी जाऊन बरोबर उत्तर देईन. आणि हेही सांग की ते उत्तर दिल्यावर पुढे काय बोलायचं. मशीन बिघडलं तर तिचं नाव खराब होतं, आणि मशीन चांगलं चाललं तर ती येत नाही. मी काय करू?

तुझा,
खटपट्या

६ मार्च

माझ्या राजा,

तू उभा राहून बोललास. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. वहिनीला हेही सांगू नकोस.

आता स्क्रू. तळहातावर घेऊन चष्म्याशिवाय बघितला आणि इतकी हसले की शेजारीण धावत आली, तिला वाटलं दुसराही पाय मोडला.

बाळा, हा स्क्रू पितळी आहे. डोक्यावर एकच सरळ चीर आहे. आटे लांब-लांब आणि टोक अणकुचीदार. हा लाकडात जाणारा स्क्रू आहे. लाकडाचा प्रिंटर अजून तरी कोणी बनवला नाही.

तो तुमच्या मशीनमधून निघालाच नाही, तर त्याची जागा कुठे सापडणार तुला? टेबलावर दोनच माणसांचे हात होते. तू ठेवला नाहीस. टायपिस्टबाई समोर बसून होत्या, त्यांना सगळं दिसलं असणार. मला तर वाटतं त्या आता तिसऱ्या वेळी तोच कागद का टाइप करत होत्या ते ऑफिसभर सांगत असतील.

आणखी एक. ‘संशय होता, सिद्ध करता येत नव्हतं’ म्हणे! अरे, पंख नीट बंद केलेला उलटा रोलर बघून कुठल्याही मेकॅनिकला एका क्षणात कळतं. मला इथे खाटेवर कळलं. तिने पहिल्याच दिवशी ‘वापरणाऱ्याचा उपद्व्याप’ लिहिलं असतं तर तिच्यावर एकही रिपीट चढला नसता, आणि तुला साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिने लिहिलं नाही. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून तिने स्वतःच्या नावावर घेतलं, पुन्हा पुन्हा. आणि तू मला लिहितोस, ती रागावलीय, पेपर काढलाय. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, तू तर मेकॅनिक म्हणूनही आंधळा झालास.

पुढे काय बोलायचं, असं विचारतोस. ते मी सांगणार नाही. स्क्रूही परत पाठवणार नाही. तो हातात असला की तू त्याच्यावरच बोलत बसशील, आटे किती आणि पितळ कुठलं, आणि शटर बंद व्हायची वेळ येईल. रिकाम्या हाताने जा.

आत्या

१० मार्च

ती. आत्या,

गेलो होतो. रिकाम्या हाताने. हात कुठे ठेवावेत तेच कळेना, म्हणून पाठीमागे बांधले, आणि ती म्हणाली, “शाळेत उभे आहात का?”

तिने विचारलं, “स्क्रू कुठला निघाला?” मी म्हणालो, “प्रिंटरचा नाही.” ती म्हणाली, “मग?” आणि आत्या, आजूबाजूला सगळी मशीनं झाकणं लावून बंद पडलेली होती, एकही उघडं नव्हतं, तरी मी बोललो. काय बोललो ते तुला सांगणार नाही. पण ‘चालू आहे’ म्हणालो नाही.

खालचा मजकूर तिचा आहे. मला वाचू देत नाही, हाताने झाकून लिहितेय.

खटपट्या

आत्याबाई,

आपण भेटलो नाही तरी मी तुम्हाला चांगली ओळखते. शनिवारचा अख्खा अर्धा तास तुमचा भाचा तुमच्याबद्दलच बोलत होता.

तुमची स्प्रिंग उत्तम बसली. पण एक विनंती आहे. तो पितळी स्क्रू आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठीचा आहे. घाईत तोच हाताला लागला. मला वाटलं, हे लगेच दुसऱ्या दिवशी परत आणून देतील. त्यांनी तुम्हाला पाठवला. तेव्हापासून माझी आई कपाट सुरीने उघडतेय आणि रोज विचारतेय की मुठीचा स्क्रू गेला कुठे. आज मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, स्क्रू घेऊन ये, आणि ज्याच्यासाठी काढलास त्यालाही घेऊन ये.

येत्या रविवारी आम्ही दोघं तो घ्यायला तुमच्याकडे येतो. तुम्ही शिडीवर चढू नका.